कोल्हापूरजवळच्या कीटक-कोळी दालनात काय बघावं, काय खटकतं

कोल्हापूर शहराबाहेरच्या एका खासगी वन्यजीव उद्यानात कीटक, कोळी आणि विंचवांचं वेगळं दालन आहे. ते उद्यानाच्या तिकिटातच येतं, त्यामुळे बहुतेक मंडळी बाकी सगळं फिरून दमल्यावर तिथे नुसती डोकावतात आणि बाहेर पडतात. तसं करू नका. या दालनाला निदान दीड तास द्या, आणि तोही सकाळचा. आपल्याच जिल्ह्यातले जे प्राणी इथे ठेवलेत ते फार समजून ठेवलेत. ज्यांचे मोठे फोटो दाराशी लावलेत त्या परदेशी पाहुण्यांचे मात्र हाल चाललेत. दोन्ही गोष्टी सविस्तर सांगण्यासारख्या आहेत.

सर्वांत सरस मांडणी जायंट वुड स्पायडरची. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात, आंबोलीच्या वाटेवर पावसाळ्यात झाडांच्या दोन खोडांमध्ये सोनेरी झाक असलेलं भलंमोठं जाळं दिसतं, तोच हा कोळी. इथे त्याला काचपेटीत कोंडलेलं नाही. लाकडाची उभी, उघडी चौकट आहे आणि मादी तिच्यात जाळं विणून बसलीय. बघणाऱ्याला भीती वाटते, पण यात धोका नाही: मादी एकदा जाळं लावून बसली की खायला मिळतं तोवर ते सोडून जात नाही. चौकटीपुढे हातभर अंतरावर दोरी आहे, तेवढी पुरते.

जवळून बघताना तीन गोष्टी शोधा. पहिली, नर. मादीचं नुसतं धडच तीन-चार सेंटिमीटर भरतं. नर जेमतेम काही मिलिमीटरचा, तांबूस, जाळ्याच्या मध्याजवळ मादीच्या वरच्या अंगाला बसलेला असतो. लोक त्याला पिल्लू समजतात. दुसरी, जाळ्याच्या कडेला फिरणारे चंदेरी ठिपक्यांएवढे कोळी. ते वेगळ्या जातीचे, मादीच्या जाळ्यात अडकलेलं बारीकसारीक भक्ष्य चोरून खाणारे. तिसरी, जाळ्याचा रंग. एक बाजू ताजी, पिवळी झळकणारी आणि दुसरी मळकी, भोकं पडलेली दिसेल, कारण ही मादी सगळं जाळं एकदम न बदलता अर्धं-अर्धं नवं करते.

चौकटीच्या तळाशी मातीचा ट्रे आहे, तो बघून खरंच बरं वाटलं. या जातीची मादी अंडी जाळ्यात ठेवत नाही, खाली उतरून मातीत उथळ खड्डा करते, अंडी घालते आणि वरून माती-पाचोळा ओढते. ट्रे नसेल तर ती फरशीवर भटकते आणि कुणाच्या तरी पायाखाली येते. इथे कुणीतरी हे समजून केलंय.

चूक आहे ती दिव्याची. दिवा समोरून मारलाय आणि मागे पांढरी भिंत, त्यामुळे एवढं देखणं जाळं दिसतच नाही, हवेत तरंगणारा कोळी तेवढा दिसतो. मागे काळं कापड लावून दिवा बाजूने तिरका मारला तर प्रत्येक धागा उठून दिसेल. शंभर रुपयांचंही काम नाही. छतावरचा पंखाही थेट जाळ्यावर येतो. धागे सारखे हलत राहिले की मादीला अडकलेल्या किड्याची थरथर नीट कळत नाही.

ही मादी एकाच हंगामाची असते. पावसाळ्यात वाढते, दिवाळीच्या आसपास अंडी घालते आणि मरते. त्यामुळे डिसेंबरपासून पुढे चौकट रिकामी दिसली तर निष्काळजीपणा समजू नका. नवी मादी आणताना ती अभयारण्यातून उचलता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून काहीही काढायला मनाई आहे. मालकाच्या संमतीने खासगी रानातून, बागेतून आणावी लागते. हे फलकावर लिहिलं तर राधानगरीहून डबीत कोळी घालून आणणाऱ्या हौशी पोरांनाही कळेल.

शेजारी सिग्नेचर स्पायडर आहे, जाळ्यावर पांढऱ्या जाड धाग्याने फुली काढणारा. फलकावर लिहिलंय की फुलीमुळे जाळं मजबूत होतं. ही जुनी समजूत. फुली किडे ओढून आणते की पक्ष्यांना जाळं दाखवून ते वाचवते, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. फलकावर तसंच लिहावं. त्याच्या पलीकडे बाभळीच्या फांदीसकट आणलेलं सामाजिक कोळ्यांचं घरटं आहे. हातकणंगले-शिरोळ भागात बांधावरच्या काटेरी झुडपांवर वाळक्या पानांचा, मळक्या जाळीचा गुंता दिसतो तो हाच. एका घरट्यात कितीतरी माद्या एकत्र राहतात, एकत्र शिकार ओढतात, आणि शेवटी पिल्लं आईलाच खातात. त्यांच्या धाग्याला चिकट थेंब नसतात. विंचरलेल्या लोकरीसारखे बारीक तंतू किड्याच्या पायात गुंततात. काचेवर टांगलेल्या भिंगातून ते तंतू दिसतात. भिंग पुसलेलं नसतं, स्वतःचा रुमाल न्या.

आता टॅरँट्युला, म्हणजे मोठे केसाळ कोळी. दाराशी ज्याचं चित्र आहे तो मेक्सिकन रेड-नी आत डाव्या हाताला आहे. काळा देह, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे. त्याच्या पोटाच्या मागच्या वरच्या बाजूकडे बघा: केस झडून टक्कल पडलंय. अमेरिका खंडांतल्या बऱ्याच टॅरँट्युलांच्या पोटावर खाजऱ्या केसांचा थर असतो. धोका वाटला की मागच्या पायांनी ते झाडून शत्रूच्या तोंडावर उडवतात. एवढं मोठं टक्कल म्हणजे हा प्राणी दिवसभर स्वतःला धोक्यात समजतोय. लोक काचेवर टिचक्या मारतात, आणि त्याला लपायला जागा नाही. टकलाची कातडी फिकट असेपर्यंत समजावं की कात टाकायला अजून वेळ आहे. ती काळीभोर दिसायला लागली की कात टाकायची वेळ आलीय आणि आतून नवे केस दिसतायत.

पेटीचीही रचना चुकलीय. हा जमिनीवर, बिळात राहणारा कोळी. पेटी मात्र उभी, आत उंच ओंडका, आणि वर लोखंडी जाळीचं झाकण. जड पोटाचा कोळी उंचावरून पडला की पोट फुटतं आणि तो वाचत नाही. म्हणून मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतची उंची कोळ्याच्या पाय पसरलेल्या लांबीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावी. जाळीत पायाची नखं अडकून पाय तुटतात. तिथे भोकं पाडलेलं ॲक्रिलिक झाकण हवं. ओंडका काढावा, माती भरून पातळी वर आणावी, अर्धवट गाडलेलं मातीचं कौल किंवा कुंडीचा तुकडा लपायला द्यावा. समोर दर्शनासाठी कोळी दिसलाच पाहिजे असा आग्रह असेल तर कौल काचेला टेकवून ठेवायचं, म्हणजे तो लपूनही दिसतो.

पेटीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलं किच्च होतं. हा मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या कोरड्या उतारांवरचा प्राणी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की वरून पाणी फवारायची काहीच गरज नाही. फवारल्यावर आधी बुरशी येते, मग माइट नावाचे बारीक किडे येतात, आणि माइट कोळ्याच्या तोंडापाशी आणि श्वासछिद्रांपाशी जमतात. पाण्याची उथळ वाटी ठेवावी, उन्हाळ्यात ती कधीमधी थोडी सांडू द्यावी, बस्स. हवा खेळायला दोन समोरासमोरच्या बाजूंना भोकं हवीत. नुसत्या वरच्या जाळीने खालची दमट हवा हलत नाही.

पेटीत दोन रातकिडे मोकळे फिरताना दिसले. खायला टाकलेला रातकिडा चोवीस तासांत खाल्ला गेला नाही तर तो काढायचाच असतो. कात टाकताना टॅरँट्युला उताणा पडतो, तासन् तास हलत नाही, आणि नवी कातडी इतकी मऊ असते की रातकिडाच त्याला कुरतडतो. उताणा कोळी बघून लोक ‘मेला’ म्हणून आरडाओरडा करतात, त्यासाठी ‘कात टाकणं चालू आहे’ अशी पाटी तयार असावी. मेलेला टॅरँट्युला उताणा पडत नाही, तो पाय पोटाखाली आखडून बसलेला असतो.

याच्या शेजारी आपल्याकडचाच, झाडांच्या ढोलीत राहणारा पोसिलोथेरिया जातीचा टॅरँट्युला आहे आणि त्याची पेटी मात्र अगदी योग्य. उभी, सालीचे तुकडे उभे टेकवलेले, मागे काळोखी फट. दिवसा पायांची टोकंच दिसतील. ती बघूनच समाधान मानावं, टिचकी मारू नये. हा कोळी केस उडवत नाही, तो सरळ चावतो, आणि चाव्यानंतर स्नायूंत गोळे येतात ते कधीकधी कितीतरी दिवस टिकतात. पोसिलोथेरिया हा सगळा वंश २०१९ साली साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. मेक्सिकन रेड-नी तर त्याच्या आधीपासून आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाल्यावर असे जिवंत प्राणी ठेवणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झालीय. उद्यानाने नोंदणीची प्रत पेटीशेजारी लावावी. ती कुठे दिसली नाही.

विंचवांच्या कोपऱ्यात लहान मुलांची गर्दी असते ती अतिनील दिव्याच्या बटणामुळे. बटण दाबलं की काळाकुट्ट विंचू हिरवट-निळा चमकतो. त्याच्या कवचातल्या द्रव्यांमुळे हे होतं; नुकतीच कात टाकलेला विंचू कवच घट्ट होईपर्यंत फारसा चमकत नाही. पण बटण सुट्टीच्या दिवशी सतत दाबलेलंच असतं. विंचू उजेड टाळणारा प्राणी, अतिनील उजेड तर त्याला विशेष नकोसा. वीस सेकंदांनी आपोआप बंद होणारा आणि पुढची काही मिनिटं न लागणारा टायमर बसवावा.

इथे दोन विंचू शेजारी ठेवलेत ही मात्र फार मोलाची गोष्ट. एक मोठी काळी इंगळी: जाडजूड नांग्या, त्या मानाने बारीक शेपूट. दुसरा लाल विंचू: आकाराने लहान, नांग्या बारीक, शेपूट जाड. घाबरतात लोक इंगळीला, जीव घेतो तो लाल. त्याच्या विषाने हृदयावर आणि फुप्फुसावर ताण येतो. घाम फुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवलं आणि कोकणातले मृत्यू फार कमी झाले. विंचूदंशावरचं प्रतिविषही उपलब्ध आहे. दंश झाला तर आवळून बांधू नये, चिरा देऊ नयेत, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. लक्षणांची वाट न बघता, विशेषतः लहान मुलाला, सरळ कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावं. फलकावर यातलं एक अक्षरही नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबंही हे दालन बघायला येतात. त्यांच्या उपयोगाचं इथे सर्वांत जास्त काही असेल तर ते हेच.

लाल विंचवाच्या पेटीला दुहेरी झाकण आणि कुलूप आहे. तपासलं, पक्कं आहे.

पुढचा कोपरा शेतकऱ्यांनी चुकवू नये. काचेच्या तीन टाक्यांत तीन पांढऱ्या, इंग्रजी सी आकारात वळलेल्या अळ्या आहेत: हुमणी, गेंडा भुंग्याची अळी आणि फुलभुंग्याची अळी. शेणखत पसरताना जाड पांढरी अळी दिसली की आपल्याकडे सरसकट हुमणी म्हणतात आणि औषध ओततात. उसाचं नुकसान करते ती हुमणी जमिनीत मुळांपाशी असते. उकिरड्यात, कुजक्या नारळाच्या खोडात अंगठ्याएवढी जाड अळी सापडते ती बहुधा गेंडा भुंग्याची. ती जिवंत मुळं खात नाही, पण तिचा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो आणि उमललेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. तिसरी ओळखायला सर्वांत सोपी. सपाट फरशीवर ठेवली की पाय वर करून पाठीवर सरपटते. ती फुलभुंग्याची, कुजलेलं खाऊन खत करणारी. तिला मारू नये. इथले कर्मचारी विनंती केली तर तिन्ही अळ्या ट्रेवर काढून चालवून दाखवतात, आणि हे प्रात्यक्षिक सगळ्या दालनात एक नंबर आहे.

हुमणीच्या टाकीशेजारी, वळवाच्या पावसानंतर भुंगेरे (हुमणीचे प्रौढ किडे) कडुनिंब-बाभळीवर जमतात तेव्हा रात्री फांद्या हलवून गोळा करायचे, प्रकाशसापळा लावायचा, हा तक्ताही आहे. योग्य आहे. त्यात एवढंच जोडावं की हे काम गावाने मिळून केलं तरच लागू पडतं; एकट्याच्या रानात भुंगेरे शेजारून येतात. लोकरी माव्याचं जुनं प्रकरणही इथे शोभलं असतं: २००२ साली सांगलीकडे दिसलेला हा मावा उसावर सगळीकडे पसरला, आणि त्याला आवरलं ते डिफा, मायक्रोमस अशा मित्रकीटकांनी. जिवंत मावा ठेवणं जोखमीचं, पण फोटो आणि मित्रकीटकांचे नमुने सहज ठेवता येतील.

फुलपाखरांचं जाळीघर बाहेरच्या अंगाला आहे. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा हीच वेळ. ढगाळ हवेत आणि दुपारनंतर फुलपाखरं पानांखाली बसून राहतात आणि लोक ‘काहीच नाही’ म्हणत परततात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, इथे उडताना दिसतं. २०१५ साली महाराष्ट्राने ते जाहीर केलं. पेंटास, एक्झोरा, घाणेरी अशी मधाची फुलं भरपूर आहेत. कमी आहे ते अळ्यांचं खाद्य. राणी पाकोळीच्या अळीला लिंबू-माकडलिंबूच्या कुळातली पानं लागतात, कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता, प्लेन टायगरला रुई, कॉमन क्रोला कण्हेर. इथे कढीपत्त्याची चार रोपं होती आणि चारींचे खराटे झालेले. अळी आयुष्यात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या टप्प्यात खाते, त्यामुळे कालपर्यंत पुरणारं रोप एका आठवड्यात संपतं. यावर उपाय एकच: जाळीघराच्या बाहेर कुंड्यांची दुसरी फळी वाढवायची आणि आळीपाळीने आत-बाहेर करायची. नर्सरीतून आणलेलं रोप लगेच आत ठेवू नये. त्यावर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक मारलेलं असेल तर अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून लोंबतात. नवी फूट येईपर्यंत रोप वेगळं ठेवावं.

खाद्याच्या ताटलीत केळं होतं, पण त्यावर मुंग्यांची रांग. ताटलीचा स्टँड पाण्याच्या वाटीत उभा केला की मुंग्या येत नाहीत. साखरपाणी ठेवायचं तर एक भाग साखर, नऊ भाग पाणी, आणि रोज बदलायचं. आंबलं की फुलपाखरं त्यावर बसतात पण माशाही जमतात. कोपऱ्यात ओली वाळू आणि चिमूटभर मीठ ठेवलं तर नर चिखलपानाला, म्हणजे ओल्या मातीतले क्षार शोषायला, जमतील आणि फोटोही छान मिळतील. बाहेर पडायच्या दाराशी आरसा नाही. पाठीवर बसलेलं फुलपाखरू तसंच बाहेर जातं.

ॲटलस पतंगाच्या पेटीपुढे ‘याला काय खायला घालता’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. काहीच नाही. प्रौढ पतंगाचं तोंड कामाचं नसतं. पेरू, दालचिनी अशा झाडांवर अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो. पंखाच्या टोकाशी सापाच्या डोक्यासारखा आकार दिसतो तो बघा. पिसांसारख्या रुंद मिशा असलेला नर, बारीक मिशांची जाड पोटाची मादी.

सातेरी मधमाशांची काचेची पेटी चांगली, जागा वाईट. ती पश्चिमेच्या खिडकीत आहे. पोळ्याच्या पिल्लांच्या भागात माश्या ३३ ते ३६ अंश तापमान राखतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारचं ऊन काचेवर आलं की ते जमत नाही, पोळं मऊ पडतं आणि सातेरी वसाहत सरळ उठून जाते. ही माशी त्याबाबत फार तडकाफडकी. पेटी उत्तरेच्या भिंतीला न्यावी, बघून झालं की काचेवर लाकडी झडप लावावी. कोपऱ्यात मेणअळीची जाळी दिसतेय, ती फळी आजच काढायला हवी. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथले अनुभवी मधपाळ आपल्याच जिल्ह्यात असताना पेटीची ही अवस्था राहायला नको.

टाचण्या टोचलेल्या किड्यांच्या पेट्यांवर फार वेळ घालवू नका. रंग उडालेत, दोन पेट्यांत बुरशी आहे, आणि एकाही नमुन्याखाली ठिकाण-तारखेची चिठ्ठी नाही. चिठ्ठीशिवाय नमुना अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही.

जायचं तर सप्टेंबर ते नोव्हेंबर, सुट्टीचा वार सोडून. आधी फुलपाखरं, मग वुड स्पायडर, हुमणीचा कोपरा, आणि विंचू शेवटी. शाळेची सहल असेल तर पंचवीसपेक्षा जास्त मुलं एकदम आत सोडू नयेत. खोली अरुंद आहे आणि मागच्या मुलांना काहीच दिसत नाही. फोटो काढताना फ्लॅश बंद, मोबाइलची लेन्स काचेला अगदी टेकवून, आणि पाठीमागून काळा स्कार्फ किंवा जॅकेट आडवं धरायचं, म्हणजे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येत नाही.